सातची बाटली

हनीफभाई गेल्याची बातमी मला प्रयोगशाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली. त्यांच्या फोटोखाली सगळ्यांनी हात जोडले होते. मीही जोडले आणि फोन पालथा घालून ठेवला... त्या माणसाला मी तीन वर्षं तोंड दाखवलं नव्हतं. त्यांच्याविषयी चांगलं लिहायचं आहे, पुष्कळ लिहिता येईल. पण त्यांच्या नावावर जो एक ठपका बसला तो माझा होता, हे आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं लिहायला मला तोंड नाही.

हनीफभाई पाचोऱ्याचे. जळगाव-धुळ्याकडच्या माती-पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळांमधली यंत्रं दुरुस्त करत फिरायचे. आमच्या जळगावच्या खासगी प्रयोगशाळेत मी लागले तेव्हा पीएच मीटर म्हणजे आकडा दाखवणारी डबी, एवढीच माझी अक्कल होती. त्या डबीला रोज सकाळी खरं काय ते दाखवावं लागतं, हे त्यांनी शिकवलं. बफर म्हणजे ज्याचा पीएच पक्का ठाऊक आहे असं द्रावण. सातच्या बफरमध्ये काचेचा इलेक्ट्रोड बुडवायचा, आकडा सातवर आणायचा, मग इलेक्ट्रोड धुऊन ९.२च्या बफरमध्ये. तिथेही जुळलं तरच मातीच्या नमुन्याला हात लावायचा. इलेक्ट्रोडच्या टोकाचा गोळा पुसायचा नाही, टिश्यूनं नुसता टिपायचा. "बठ्ठा जीव या काचमाच शे, ताई," सगळा जीव या काचेतच आहे, असं आपल्या अहिराणीत म्हणत ते तो गोळा उजेडात धरून बघत बसायचे. एकदा मी तो ओढणीच्या टोकानं खसाखसा पुसला, तर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. दुपारी डबा उघडल्यावर अर्धी भाकरी मात्र नेहमीसारखी माझ्याकडे सरकवली. आमच्याकडच्या डिस्टिल्ड वॉटरवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, स्वतःचा कॅन घेऊन एसटीनं यायचे. मी चिडवायचे, की भाऊ, सासरी चाललेत आणि पाणी माहेरचं घेऊन. ते हसायचे आणि कॅन माझ्यापासून लांब ठेवायचे.

वापरलेला बफर फेकायचा, बाटलीत परत ओतायचा नाही, हे त्यांनी मला दहादा बजावलं असेल. पण आमच्या घरी पुऱ्या तळून उरलेलं तेलसुद्धा गाळून परत डब्यात जायचं. चांगलं स्वच्छ दिसणारं द्रावण मोरीत ओतायला माझा हात धजेना. केळी लागवडीच्या दिवसांत मातीच्या पिशव्या टेबलाखाली, खुर्चीवर, जागा मिळेल तिथे. त्या घाईत मी मातीच्या पाण्यातला इलेक्ट्रोड नीट न धुता सातच्या बफरमध्ये बुडवायचे आणि उरलेला बफर परत बाटलीत. महिनाभरात बाटलीवर सात लिहिलेलं तेवढं राहिलं, आतला पीएच कधीच वर सरकला होता आणि मीटर प्रत्येक मातीचा आकडा तेवढाच कमी दाखवत होतं. ९.२ची बाटली रोज लावली असती तर तिथेच सगळं उघडं पडलं असतं. मी मात्र एकट्या सातवर भागवत होते आणि रजिस्टरमध्ये दोन्ही लिहून सही ठोकत होते.

पहूरच्या एका केळीवाल्यानं एकाच वावराची माती आमच्याकडे आणि धुळ्याला अशी दोन्हीकडे दिली. धुळ्याचा आकडा ८.३, आमचा ७.८. दोन्ही कागद टेबलावर ठेवून त्यानं शांतपणे विचारलं, यातला कोणता खरा धरू. महिन्याभराचे रिपोर्ट परत मागवावे लागले. साहेबांनी रजिस्टर बघितलं, माझ्या सह्या एकदम चोख. महिन्याच्या सुरुवातीला मीटरची सर्व्हिसिंग हनीफभाईंनी केलेली, तेव्हा बोट तिकडे गेलं. त्यांना बोलावणं धाडलं. ते यायच्या आत मी ती बाटली मोरीत रिकामी केली आणि नवा बफर करून ठेवला. त्यांनी मीटर लावलं, सात बरोबर, ९.२ बरोबर. त्यांनी नव्या बाटलीकडे बघितलं, पुन्हा आकड्याकडे बघितलं. मग साहेबांना म्हणाले, "त्या दिवशी माझ्याच हातून काही राहिलं असेल." मी शेजारी उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं... नाही बोलले. नोकरी जाईल ही भीती होती, आणि खरं सांगायचं तर लाजही वाटली. त्यांचं आमच्याकडचं काम सुटलं, बातमी फिरली तशी इतर ठिकाणचीही सुटत गेली.

मी स्वतःची समजूत घातली, की भाऊंना सगळं कळलं असणार. नव्या बाटलीकडे त्यांनी बघितलं होतं ना! कळूनही त्यांनी मला पाठीशी घातलं, असं मी तीन वर्षं मानत आले आणि त्यावर मला बरी झोपही लागत होती.

त्यांच्या दफनानंतर पंधरा दिवसांनी मी पाचोऱ्याला गेले. त्यांची मुलगी शबाना शाळेत शिकवते. तिनं मला त्यांच्या खोलीत बसवलं. खिडकीशी एक जुनं मीटर, बफरच्या तीन बाटल्या आणि एक दोनशेपानी वही. वहीत रोजची तारीख, चार, सात, ९.२चे आकडे आणि पुढे 'बरोबर'. पानामागून पान तेच. मधूनच एखाद्या पानावर खाली लिहिलेलं, 'मग जळगावला काय राहिलं?'

"काम सुटल्यावर अब्बा रोज हेच करायचे," शबाना म्हणाली. "एक-दोन जणांनी नंतर बोलावलं होतं, पण गेले नाहीत. म्हणायचे, आता हातावर भरवसा नाही."

म्हणजे त्यांना काहीच कळलं नव्हतं. त्यांनी मला पाठीशी घातलं नव्हतं, त्यांना खरंच आपली चूक वाटत होती. मी शबानाला सगळं सांगितलं, बाटली, रजिस्टर, मोरी, काहीही मागे न ठेवता. वही मिटून तिनं मीटरशेजारी ठेवली.

मग म्हणाली, "जळगावहून पाचोरा तासाभराचं तर आहे, ताई."