जमुनाच्या नावापुढचं ‘नाही’

अंगणवाडी तपासायला आलेल्या मॅडमनं जमुनासमोर माशाचं चित्र धरलं. “हे काय आहे?”

जमुना चार वर्षांची. आमच्या गुड्यातली, या गोंड वस्तीतली, सगळ्यात बडबडी पोरगी. लगेच बोलली, “मीन.”

“हे काय आहे?” मॅडमनं चित्र आणखी जवळ नेलं.

“मीन!” पोरगी ओरडली. तिला वाटलं, बाईला कमी ऐकू येतं.

मॅडमनं कागदावर लिहिलं, ‘नाही’. म्हणजे चित्र ओळखत नाही. मग पक्ष्याचं चित्र. “पिट्टे.” नाही. पाण्याचं. “येर.” नाही.

मी म्हटलं, “मॅडम, ते बरोबर सांगून राह्यली. गोंडीत आहे ते.”

त्यांचं पेन थांबलं. पोरांच्या आया दारात उभ्या होत्या. त्यांच्याकडं बघत मॅडम म्हणाल्या, “शिकवता काय तुम्ही यांना? की खिचडी चारून झोपवता? तुम्हाला तरी मराठी नीट येते ना?”

आया हसल्या. त्यांना अर्धंच कळलं होतं. साहेब लोक बोलले की हसायचं, एवढं ठाऊक. मीही हसले. ते हसू अजून टोचतं मला.

मी या अंगणवाडीची सेविका. इथलीच, गोंडाची. बारावी शिकलेली. आश्रमशाळेत गोंडी बोललं की हातावर छडी पडायची. तिथं मी गप्प राहायला शिकले. त्या दिवशी तेच केलं. वरून चहा केला.

मॅडमनं कागद पुढं सरकवला. अर्धे रकाने कोरे.

“कायचा कागद आहे जी हा?”

“तुलनेचा. तालुक्यातल्या सगळ्या अंगणवाड्यांचा. तुम्हाला काय करायचंय? सही करा.”

केली.

मग डोक्यात किडा वळवळायला लागला. तुलना कायले? वादळात आमचे टिन उडाले तेव्हा कोणी तुलना करायला आलं नाही. हातपंप बंद पडला तेव्हाही नाही. आत्ताच काऊन?

पंधरा दिवसांनी तालुक्याला बैठक होती. भिंतीवर दोन फोटो दाखवले. एक गडचांदूरच्या सडकेवरच्या केंद्राचा. रंगवलेल्या भिंती, घसरगुंडी, एकसारख्या कपड्यातली पोरं. दुसरा माझ्या केंद्राचा. टिनाचं छप्पर, पुढं चिखल, चिखलात जमुना. फोटो कधी काढला, मला पत्ताच नव्हता.

तालुक्याचे साहेब म्हणाले, “हे पहिलं. हे शेवटचं. शेवटच्या केंद्राच्या बाई, उभ्या राहा.”

मी उभी राहिले.

“यांच्याकडं एकही पोर बोलत नाही. सगळी मुकी!”

हॉल हसला. माझ्यासारख्याच सेविका, त्याही हसल्या. मग साहेब अगदी सहज बोलले, “असं केंद्र ठेवून उपयोग काय? पोरं त्या मोठ्या केंद्रात जोडून टाकू.”

तुलना कशाला, ते आत्ता कळलं. ते केंद्र तीन किलोमीटर, तेही चुनखडीच्या ट्रकांच्या सडकेनं. तीन वर्षांची लेकरं.

परतताना मी त्या पहिल्या नंबरच्या केंद्रावर उतरले. सेविका बैठकीहून अजून परतली नव्हती, पण मदतनीस होती. पोरं भिंतीला टेकून ओळीत बसलेली. कपाटाला कुलूप. काचेतून खेळणी दिसत होती, वरचं प्लास्टिकही काढलेलं नाही.

“हे खेळणे?”

“साहेब आले की काढतो बाई. मोडले तं आमालेच बोलतीन.” मग ती खाली बघत म्हणाली, “तुमच्यासारखे गोंडी बोलणारे दोन पोट्टे येत होते इथी. कोपऱ्यात बसत. काई बोलत नव्हते. मंग येनंच बंद झालं त्याइचं.”

वाईट नव्हती बाई. तीही भीतच होती.

पुढच्या आठवड्यात मॅडम नवा कागद घेऊन आल्या. पोरं मोठ्या केंद्रात पाठवायला पालकांची संमती म्हणे. शाईचा डबाही सोबत आणलेला. अंगठा कुठं लावायचा तिथं पेन्सिलनं खुणासुद्धा करून ठेवल्या होत्या.

“बायांना सांगा, पोरांच्या भल्याचं आहे.”

मी कागद हातात घेतला आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचला. एक ओळ मराठीत, तीच ओळ गोंडीत. शेवटपर्यंत. यावेळी आया हसल्या नाहीत. जमुनाची आई गोंडीत काही बोलली. मी मॅडमना सांगितलं, “ते विचारते, एवढं लेकरू ट्रकच्या सडकेनं कोणासंगं जाईन? तुम्ही न्याल काय?”

“बाई, तुमची नोकरी जाईल. विचार करा.”

मी कागद त्यांच्या हातात परत दिला. “मॅडम, मागच्या कागदावर मी सही केली, ते माझी चूक होती. ते सही मी वापस घेतो, तसं लिहून देतो. जमुनाच्या नावापुढं ‘नाही’ लिहिलं तुम्ही. आधी ते खोडा.”

“तुम्ही मला शिकवणार?”

“हो जी. मीन म्हणजे मासा. तुमच्या पंचांगातबी आहे हा शब्द.”

एकीनंही अंगठा लावला नाही. शाईचा डबा बंदच्या बंद परत गेला.

मला नोटीस आली. मी उत्तर लिहिलं. प्रत्येक पोराचं नाव, त्याला दाखवलेलं चित्र, त्यानं सांगितलेला शब्द, त्याचा मराठी अर्थ. खाली सगळ्या आयांचे अंगठे. त्याची पोच घेतली, शिक्क्यासह. त्यावर अजून काही आलं नाही.

केंद्र चालू आहे. पण माझा भरवसा नाही. परवा एक माणूस येऊन आमच्या केंद्राच्या भिंती मोजत होता. रंग द्यायचा म्हणे. कोणी पाठवलं, सांगेना. मी म्हटलं, “कागद दाखव.” नव्हता. त्याला टेप गुंडाळायला लावला.

त्यांच्या हातात माझी नोकरी आहे, हे मला ठाऊक आहे. काढतील एखाद्या दिवशी. पण माझं घर या गुड्यात आहे आणि इथली पोरं माझ्या अंगणात येतात. त्यांना मी दोन्ही भाषा शिकवणार. इथून माझी बदली करणारा साहेब अजून जन्मला नाही.