सरूबाईच्या मापाचं टेबल

यमुनाबाई रोज सकाळच्या एसटीनं शहरातल्या उस्मानपुऱ्यातून निघायच्या आणि बिडकीनच्या पलीकडच्या एका गावातल्या सरकारी दवाखान्यात उतरायच्या. नर्स म्हणून सोळा वर्षं झाली होती. हात हलका, जीभ तिखट. गावातल्या बाया त्यांना भ्यायच्या आणि सुई मात्र त्यांच्याच हातची घ्यायच्या. आपलं काम चोख आहे, याबद्दल यमुनाबाईंच्या मनात कधी शंका आली नव्हती. ती पहिल्यांदा आली सत्त्याऐंशी साली, सरूबाईमुळं.

सरूबाईला तिचा नवरा पुंजाराम सायकलच्या कॅरिअरवर बसवून घेऊन आला होता. लहानपणी पोलिओनं तिचे दोन्ही पाय गेलेले. हातांवर जोर देऊन ती जमिनीवरून सरकत जायची. घरी हातानं फिरवायचं शिलाई मशीन होतं आणि अर्ध्या गावाची पोलकी तीच शिवायची. तिला पाचवा महिना लागला होता.

तपासायचं टेबल कमरेइतकं उंच. खाली पायरी होती, पण तिच्यावर चढायला पाय लागतात. यमुनाबाईंनी सवयीनं हाक मारली. दवाखान्याचा शिपाई आणि बाहेर बसलेला एक गडी आत आले. एकानं काखेत हात घातले, दुसऱ्यानं मांड्या धरल्या आणि दोघांनी मिळून तिला टेबलावर ठेवलं. लुगडं गुडघ्याच्या वर सरकलं. दारात उभ्या बाया बघत होत्या. पदर तोंडावर ओढून सरूबाई अशी ताठ पडून राहिली, की पोटाला हात लावून यमुनाबाईंना धड काही कळेना.

पुढच्या महिन्यात ती आलीच नाही. तेव्हा गोळ्या घेऊन यमुनाबाई तिच्या घरी गेल्या.

"कामून आली नाहीस गं?"

सरूबाईनं मशीन थांबवलं. "गोळ्या द्या, घेते. पन त्या टेबलावर नाय यायची बाई. मला उचलणारा तो गडी बाजारात दिसला का हासतो. तुमी मला इचारलं व्हतं का, उचलू का म्हनून?"

यमुनाबाई उंबऱ्याशीच बसल्या. म्हणाल्या, "घरात खाटंवर कशी चढतेस?"

"ही अशी." सरूबाईनं दोन्ही तळवे खाटेच्या लाकडावर टेकवले, अंग उचललं आणि एका झोक्यात वर बसली. यमुनाबाईंनी तिचाच शिवणाचा टेप घेऊन खाटेची उंची मोजली. सतरा इंच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना विचारलं, टेबलाचे पाय कापू का? "सरकारी सामान आहे बाई, रजिस्टरला चढलेलं. एक इंच कापता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. दर गुरुवारी शहरातून बाया तपासायला येणाऱ्या डॉक्टर उमा यांनाही ते पटेना. "सतरा इंचांवर वाकून मी दिवसाला चाळीस जणी कशा तपासू? माझी कंबर राहील का?"

त्यांचंही खरंच होतं. म्हणजे टेबल खालीही हवं आणि वरही.

पडेगावला दौलताबादच्या रस्त्यावर सांडूचं वेल्डिंगचं दुकान होतं. त्याच्या बायकोची दोन्ही बाळंतपणं यमुनाबाईंच्या हातची. त्या रविवारी त्या तिथं पोचल्या, तर सांडू ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली जॅक लावून चाक काढत होता. यमुनाबाई दांडा फिरताना बघत राहिल्या.

"हे किती वजन उचलतं रे?"

"भरलेली ट्रॉली उचलतंय."

"मग एक बाई उचलेल की."

सांडू आधी हसला. मग त्यानं हात पुसले आणि जमिनीवरच खडूनं रेघा मारायला बसला.

भंगारातल्या लोखंडी खाटा कापून आणि खाली जॅक बसवून त्यानं पहिलं टेबल उभं केलं. यमुनाबाई स्वतः त्यावर आडव्या झाल्या. टेबल अर्ध्यावर गेलं, एका अंगाला कललं आणि सिस्टरबाई शेजारच्या पोत्यांवर घसरल्या. सांडूनं जीभ चावली. "लागलं का बाई?" "मला लागू दे, तिला लागता कामा नये," त्या धूळ झटकत म्हणाल्या. मग सांडूनं चारी कोपऱ्यांना नळीत नळी बसवली. तिसऱ्या खेपेला टेबल वर गेलं, ते ताटासारखं सपाट.

दवाखान्यात सरूबाईला बोलावलं, ते तपासायला नव्हे, टेबल बघायला. तिनं ते सगळीकडून चाचपलं. "धराया काय हाय हिथं? हात कुठं टेकू?" सांडूनं बाजूला दांडी जोडून दिली. यमुनाबाईंनी दाराला जाड पडदा शिवून घेतला. तो शिवला सरूबाईनंच.

त्या गुरुवारी सरूबाई आपल्या हातांनी टेबलावर चढली. यमुनाबाईंनी दांडा फिरवला, टेबल सावकाश वर आलं. डॉक्टर उमांनी निवांत तपासलं आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. कंबरेचं हाड तिरकं होतं, वाट अरुंद. बाळंतपण नेहमीसारखं होणार नव्हतं. कळांची वाट बघत घरी बसली असती, तर दोन्ही जीव धोक्यात आले असते.

"पोट फाडणार?" सरूबाईनं विचारलं.

"हो. पण वेळेआधी तारीख ठरवून. आणि मी सोबत असेन," यमुनाबाई म्हणाल्या.

त्या रजा टाकून शहरातल्या मोठ्या दवाखान्यात तिच्यासोबत राहिल्या. स्ट्रेचर घेऊन माणसं आली, तेव्हा सरूबाई त्यांना म्हणाली, "थांबा. कुठं धरायचं ते मी सांगते." माणसं थांबली. तिनं सांगितलं तसं त्यांनी धरलं. दुपारी मुलगी झाली, पावणेतीन किलोची. पुंजाराम व्हरांड्यात उभ्या उभ्याच रडला.

नंतर त्या टेबलावर गुडघे गेलेल्या म्हाताऱ्या आल्या, दिवस भरलेल्या पोरी आल्या, अर्धांगानं एक बाजू गेलेली एक बाई पैठणकडून बैलगाडीत आली. आजवर या बाया कुठं होत्या, हा प्रश्न यमुनाबाईंना फार दिवस छळत राहिला. जिल्ह्याचे साहेब येऊन टेबलाची मापं घेऊन गेले. त्याचं पुढं काही झालं नाही. पण बघून गेलेल्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून सांडूनं दोन वर्षांत आणखी चार टेबलं केली.

शहरात नर्सबायांचं शिबिर भरलं, तेव्हा यमुनाबाईंना बोलायला बोलावलं. त्या सरूबाईला घेऊन गेल्या. लेक मांडीवर घेऊन सरूबाई साठ नर्सबायांसमोर बसली. आधी लाजली, मग तासभर बोलली. मागच्या रांगेतल्या एका तरुण नर्सनं विचारलं, "टेबल नसेल तर काय करायचं?"

"मंग खाली चटई टाका," सरूबाई म्हणाली, "अन् तुमी खाली बसा."

यमुनाबाईंनी वही काढली आणि बाकीच्यांसारखं तेही लिहून घेतलं.