काळ्या तिळाचे डोळे

बायको गेली आणि नातीचा डबा शाळेतून भरलेलाच परत यायला लागला. सून पहाटेच्या पाळीला कंपनीत जाते, पोरगा टेम्पोवर. डबा बायकोच करायची. तिच्यामागं सून रात्रीच चपाती-भाजी करून ठेवी, पोर ती हात न लावता आणी. दुसरीतली पोर, मनगटं पार काडी झाली.

एकदा तिनंच मोबाईलवर मला जपानी डबे दाखवले. भाताचे ससे, भाताची अस्वलं. म्हटलं, ह्यात काय अवघड? आपला इंद्रायणी तांदूळ तर चिकट, हात सोडत नाही. गरम भाताचा गोळा वळला, दोन कान ओढले, नाकाला डाळिंबाचा दाणा, डोळ्यांना काळे तीळ. डबा बांधायला बायकोच्या लुगड्याचा रुमाल केला. मला टाका एकच येतो, पोत्याचा. त्याच टाक्यानं त्यावर फूल काढलं. डबा चाटूनपुसून आला. तेव्हापासून सकाळ त्यालाच देतो, म्हैस थांबते. पारावर म्हणतात, म्हातारा बाहुल्या खेळायला लागला. म्हणू देत.

मग मार्गासनीहून थोरली बहीण राहायला आली. सकाळी तिनं डबा बघितला आणि तोंडाला पदर लावला.

"आरं, वरीस न्हाई झालं तिला, आन् पोरीच्या डब्यात पिंड घालतूस?"

भाताचा गोळा, वर काळे तीळ. आमच्यात दहाव्याला नदीवर मांडतात तोच. खरं सांगतो, तोवर माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. हात थांबले. बायकोचा पिंडही ह्याच हातांनी वळलेला.

आक्का म्हणाली, भावकी काय म्हणंल, निदान तीळ काढून कारळं तरी लाव. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं.

"आक्का, कावळा शिवावा म्हणून भात वळला तवा भावकी हात जोडून हुबी व्हती. आता पोर जेवावी म्हणून वळतोय तर तुमाला खुपतंय व्हय? तीळच लावणार."

आक्का चहा न घेता निघाली. पण पोरीची विंझरच्या शाळेला जाणारी एसटीही तीच, त्यामुळं दोघी एकाच बाकावर बसल्या.

संध्याकाळी डबा रिकामा आला. पोर म्हणाली, आक्काआजीनं गाडीत डबा उघडायला लावला, लई वेळ बघत बसली, आणि म्हणाली, एक कान वाकडा झालाय.

असेल वाकडा. पोरीनं खाल्ला.