ब्लॅकबेरीच्या बातम्या

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, बी. ए. होऊन घरी बसले होते तेव्हा, मला एक नोकरी लागली. ती कोणाला सांगितली तरी खरी वाटत नसे. यशवंतपूरहून बस पकडून मी हेब्बाळच्या अलीकडच्या एका कॉन्व्हेंटमध्ये जायची आणि एका म्हाताऱ्या आयरिश सिस्टरना त्यांच्या गावाकडची सत्तर वर्षांपूर्वीची वर्तमानपत्रं वाचून दाखवायची. “शिळ्या बातम्या वाचायला पगार देतात?” अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विचारलं. बाजारात त्यांचं मिरचीचं दुकान होतं आणि कालचा पेपर त्यांच्या लेखी पुड्या बांधण्यापुरता होता.

सिस्टर विशीत बेंगळुरूला आल्या त्या परत गेल्याच नाहीत. आता ऐंशी ओलांडलेल्या, दृष्टी जवळजवळ गेलेली. त्यांचे वडील गावचे पोस्टमास्तर. तालुक्याच्या साप्ताहिकाला ते गावच्या बातम्या पाठवत आणि आपला रकाना छापून आलेला प्रत्येक अंक जपून ठेवत. भाच्याने घर विकलं तेव्हा अंकांची ती पेटी बोटीने इकडे पाठवून दिली.

“बाबांचा रकाना पुरा वाच,” पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं. “आणि ब्लॅकबेरी कुठेही दिसली तर सोडू नकोस.”

मी ब्लॅकबेरी पाहिलेली नव्हती. सिस्टर म्हणाल्या, करवंदासारखी काटेरी जाळी समज, शेतांच्या कुंपणांवर वाढणारी, पण फळ तुतीसारखं दाण्यादाण्यांचं. मला वाटलं, एका रानफळाची अशी काय बातमी होणार? महिन्याभरात माझी जिरली. ते फळ त्या पेपरांत जिथे तिथे होतं. स्टेशनवर पिंपंच्या पिंपं भरून ब्लॅकबेरी इंग्लंडला चालल्या होत्या. एक मास्तर तक्रार करत होता की सप्टेंबरात वर्गात बाकांशिवाय कोणी नसतं, पोरं सगळी कुंपणांवर. कोणाची गाय कुंपणातून सुटली म्हणून बेरी तोडणाऱ्या बायकांवर खटला झाला होता आणि न्यायाधीशांनीच त्यांना खोकल्यावरच्या सरबताची कृती विचारली होती. एका जागेसाठी फार अर्ज आले तर पेपर लिहायचा, अर्ज ब्लॅकबेरीसारखे आले.

मी अक्षरशः थक्क व्हायची. आमच्या शाळेत इतिहास म्हणजे लढाया आणि तह. इथे एका ओल्या, थंड गावातल्या बायकांची बोटं महिनाभर जांभळी राहायची आणि ते कोणीतरी छापून ठेवलं होतं. बसमधून घरी जाताना मला खिडकीबाहेरच्या माणसांकडे बघून वाटायचं, यांचं कोण लिहून ठेवतंय? फुटपाथवर फुलांच्या माळा मोजणाऱ्या एखाद्या अक्काच्या बोटांचं? असं काही वाटण्याइतकी मी हळवी नाही, पण वाटायचं खरं.

एकदा एका अंकात त्यांच्याकडची समजूत वाचली. सप्टेंबरच्या शेवटी एका देवदूताचा सण असतो. त्यानंतर ब्लॅकबेरी तोडायची नाही, कारण त्या रात्री सैतान येऊन तिच्यावर थुंकतो. मला हसू आलं. मी म्हटलं, “सिस्टर, आमचं उलटं आहे. तुळशीचं लग्न लागेपर्यंत बोरं नि आवळे खायचे नाहीत.”

“आणि खाल्ले तर?”

“तर काही नाही. आई ओरडते.”

“आमच्याकडे ओरडण्यावर भागत नसे,” त्या म्हणाल्या आणि त्या दिवशी वाचन तिथेच थांबवलं.

वाचून झालेले अंक मी सुतळीने बांधून व्हरांड्यात ठेवत होते. रद्दीवाला दर महिन्याच्या शेवटी यायचा, पण ते गठ्ठे सिस्टर त्याला नेऊ देत नव्हत्या. पेटी रिकामी झाली की सगळे एकदम द्या म्हणत. चौथ्या महिन्यात पेटीचा तळ लागला. शेवटचा अंक वाचून मी घडी घातली.

“संपलं?”

“संपलं.”

सिस्टरनी हात पुढे करून पेटीचा तळ चाचपला. मग म्हणाल्या, “म्हणजे बाबांनी लिहिलंच नाही.”

नंतर त्यांनी सांगितलं. त्या नऊ वर्षांच्या असताना, सणानंतर चार दिवसांनी, धाकट्या भावाला घेऊन ब्लॅकबेरीला गेल्या होत्या. सगळ्यात पिकलेल्या त्यांनी स्वतःच्या हाताने त्याला भरवल्या. आठवड्यात तो गेला. मयताला आलेली शेजारीण त्यांच्या जांभळ्या बोटांकडे बघून म्हणाली होती, सणानंतर कशाला नेलंस त्याला. घरात त्यावर कोणी कधी बोललं नाही. “नन झाले ती देवासाठी, असं सगळे समजतात,” त्या म्हणाल्या. “बाबांनी काय लिहिलं ते ऐकायचं होतं. सरळ विचारायची हिंमत नव्हती, म्हणून तुला सगळंच वाचायला लावलं.”

 पण मी सगळं वाचलं नव्हतं.

पहिल्या आठवड्यातच मी घरी सांगितलं होतं की त्या रकान्यात कोणी ना कोणी वारल्याचं असतंच. आई पदर खोचून म्हणाली होती, “म्हाताऱ्या माणसाला दिवेलागणीच्या वेळी मेलेल्यांची नावं वाचून दाखवतात होय? स्वल्प तरी अक्कल आहे ना तुला?” मला ते पटलं होतं. तेव्हापासून मृत्यूच्या ओळी आल्या की मी सफाईने पुढची ओळ धरायची. चार महिने मी हा शहाणपणा केला आणि स्वतःवर खूश होते.

मी ते कबूल केलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “गठ्ठे आहेत ना अजून?”

व्हरांड्यातल्या फरशीवर बसून मी सुतळ्या सोडल्या. वर्ष त्यांना ठाऊक होतं, त्यामुळे अंक तासाभरात सापडला. पोस्टमास्तरांच्या रकान्यात, बटाट्याच्या भावाखाली, पाच ओळी होत्या. मी त्या आत जाऊन वाचल्या. घटसर्पाची साथ असल्यामुळे गावची शाळा सणाच्या दोन आठवडे आधीपासून बंद आहे. या पंधरवड्यात गावातली चार मुलं त्याने दगावली. पुढे चार नावं होती. तिसरं त्यांच्या भावाचं, आणि त्यापुढे फक्त ‘पोस्टमास्तरांचा मुलगा’. आपला मुलगा, असं त्या माणसाने लिहिलं नव्हतं. इतरांच्या मुलांसारखंच, एका ओळीत.

“घटसर्प,” सिस्टर म्हणाल्या. “शाळा बंद होती. म्हणून तर तो माझ्याबरोबर आला.”

त्यांनी ते आणखी दोनदा वाचायला लावलं. मला वाटलं आता त्या रडतील, किंवा प्रार्थना करतील. सत्तर वर्षांचं ओझं पाच ओळींत उतरताना मी पाहत होते. पण सिस्टरचा चेहरा हलका झाला नाही. त्या बोटांवर काहीतरी मोजत होत्या.

“बाकीची तीन नावं परत वाच.”

मी वाचली.

“त्या दिवशी कुंपणावर आम्ही सगळेच होतो,” त्या म्हणाल्या. “या तिघांनाही मोठ्या बहिणी होत्या. त्या बहिणींना हे कोणी वाचून दाखवलं असेल का गं?”