तीन वर्षांनी दिलेली माती

दिनांक ९ फेब्रुवारी २०२४, शुक्रवार. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी सावंतवाडीहून म्हापशाच्या बसमध्ये बसलो. डिचोलीच्या ख्रिस्ती दफनभूमीत माझ्या मुलाची, सॅम्युएलची, हाडे त्या दिवशी वर काढायची होती. तिथे जागा कमी. तीन वर्षांनी कबर उकरतात, हाडे कापडात बांधून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि कबर दुसऱ्याला देतात.

अंतर अडीच तासांचे. आम्ही प्रोटेस्टंट. सॅम्युएल खनिजाच्या ट्रकवर गेला, माझ्या मनाविरुद्ध त्याने कॅथलिक मुलीशी लग्न केले, तेव्हा मी त्याला दार बंद केले. मुळगावच्या उतारावर ट्रक उलटून तो वारला, तेव्हाही मी आलो नाही. सकाळची प्रार्थना मात्र मी कधी चुकवली नाही. तिच्यात त्याचे नाव नसे.

पेडण्याला उजाडले. शेतांवर धुके होते. मिरचीच्या वाफ्यांत बायका वाकल्या होत्या. म्हापशात शुक्रवारचा बाजार भरत होता. मी पांढरे कापड मागितले. सदऱ्याला की पायजम्याला, असे दुकानदाराने विचारले. दोन मीटर, एवढेच मी सांगितले. पातळ भाजी आणि उंडो (कडक गोल पाव) घेतला. अर्धा टाकून उठलो.

डिचोलीच्या बसस्थानकावर सून फिलोमिना उभी होती. मी तिला प्रथमच पाहत होतो. तिने मात्र मला लांबूनच ओळखले. चेहरा तोच, असे म्हणाली आणि पिशवी घेऊन पुढे चालू लागली. मी तिच्या मागून दफनभूमीत गेलो.

कबर खणणारा मिंगेल खड्ड्यात उतरला होता. थोड्या वेळाने वर आला आणि हात पुसत राहिला.

“पात्रांव (मालक), अजून जालें ना.”

चिकणमातीत ओल राहिली होती. देह पुरता विरला नव्हता. कबर बुजवून आणखी एक वर्ष थांबावे लागणार होते.

“तुमचो पूत हट्टी,” मिंगेल म्हणाला.

“बापायसारको,” फिलोमिना म्हणाली. मिंगेल हसला. ती हसली नाही.

त्याने फावडे उचलले. तिने हाताने थांबवले आणि माझ्याकडे वळली.

“तेन्ना तुमची मूठ उरली, पप्पा. आतां घालात.” (तेव्हा तुमची मूठभर माती राहिली, आता घाला.)

मला वाकता येईना. तिने कोपराला धरले. मी माती टाकली. एकदा नव्हे, तीनदा. सॅम्युएलचे नाव देवापुढे मोठ्याने घेतले. कापड तिच्याकडे ठेवून निघालो.

मिंगेलने पुढच्या फेब्रुवारीत यायला सांगितले आहे. माझे वय ऐंशी. परतीच्या बसमध्ये मी देवाकडे वर्ष मागितले नाही. दुःख हलके झाले, असेही नाही. मी ज्यासाठी गेलो होतो ते झाले नाही. जे द्यायचे चुकवले होते, ते देऊ दिले गेले. ही दया मी कमावलेली नव्हती. फिलोमिनाची क्षमा मागणे राहिले आहे. त्यासाठी उद्याची एक सकाळ मागितली; परवाची परवा मागेन.

घरी पोचलो, तसा तिला फोन केला. पोचलो, असे सांगितले. ती बरे म्हणाली. मग नळाखाली चपलांची लाल माती धुतली आणि त्या पालथ्या ठेवल्या.