धर्मशाळेतले दिवे

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, लिहिलं कधीच नाही. खरं सांगायचं तर वाचताना हसायचे. कुणाला खिडकीत बाई दिसली, कुणाला मागून हाक ऐकू आली... मी हडपसरला एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. समोरचा माणूस म्हणतो "मॅडम, आपोआप झालं", आणि मी त्याला दाखवून देते की आपोआप काही होत नसतं, तुम्ही कुठलं तरी बटण दाबलंत. पगारच त्याचा आहे. त्यामुळे हे लिहिताना मलाच ओशाळल्यासारखं होतंय. ज्यांना हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं.

माझे आईबाबा विश्रांतवाडीला राहतात – राहायचे. आता आई राहते. आळंदी रोडवरून आत, दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. आई शाळेत गणित शिकवायची, बाबा सरकारी कचेरीत होते. दोघंही निवृत्त.

बाबांची एक सवय सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. खोलीतून माणूस बाहेर पडला की बाबा मागोमाग जाऊन दिवा बंद करायचे. आपण पाणी प्यायला उठावं आणि परत यावं, तर खोलीत अंधार. विचारलं तर म्हणायचे, "खोलीत कोणी नाही. दिवा कोणासाठी?"

एकदा चतुर्थीला आई मोदक करत होती. पिठाचे हात धुवायला गॅलरीत गेली, तेवढ्यात बाबांनी स्वयंपाकघरातला दिवा घालवला. आई म्हणाली, "अहो, एक तरी राहू द्या घरात." बाबांनी हातातला पेपर मिटला. उठले आणि घरातला एकूण एक दिवा लावला, बाथरूमचासुद्धा. मग पेपर उघडून बसले. "एक कशाला? सगळे घे." झोपेपर्यंत ते रुसलेले आणि घर लख्ख. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आपले मागोमाग हिंडायला लागले.

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी त्यांना टीव्हीला जोडायचं माझं जुनं गेमिंग मशीन नेऊन दिलं. सोबत एकच गेम दिला, मारामारी नसलेला. डोंगरातलं एक मुक्कामाचं घर, आपण तिथले रखवालदार. वाटसरू येतात, त्यांच्या हरवलेल्या वस्तू शोधून द्यायच्या, आणि शेवटी फाटकातून बाहेर पडायचं. गेम परदेशी, पण बाबांनी पहिल्याच दिवशी त्या घराची धर्मशाळा करून टाकली. कंट्रोलर बाबांच्या हातात, आणि आई शेजारी बसून कोडी सोडवणार.

त्या धर्मशाळेत प्रत्येक खोलीत एक कंदील आहे. बटण दाबलं की लागतो, परत दाबलं की मालवतो. एकदा लावला की जळतच राहतो, तेल संपत नाही. मालवून काहीही मिळत नाही, त्यामुळे कोणी मालवत नाही.

बाबा मालवायचे. प्रत्येक खोलीतून निघताना, न चुकता. फक्त वरच्या मजल्यावर एक म्हातारा वाटसरू घोंगडी घेऊन झोपलेला असतो – गेममध्ये त्याचं काही काम नाही, नुसता झोपलेला – त्याच्या खोलीतला कंदील ते तसाच ठेवायचे. "म्हातारा माणूस आहे. उठला तर ठेचकाळेल."

गेम संपला. त्यांनी परत सुरू केला. परत संपला, परत सुरू केला. मी म्हटलं, बाबा, दुसरा आणून देते, यात आता उरलंय काय? आमच्या धंद्यात याची उत्तरं ठरलेली आहेत. गेम परत खेळावासा वाटायचा तर त्यात वेगवेगळे शेवट हवेत, नवे रस्ते हवेत, काहीतरी लपवलेलं हवं. यात तसलं काहीच नव्हतं. मी हे सगळं बाबांना नीट समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू दर रविवारी इथे येतेस, ते काय दर वेळी नवीन घर असतं म्हणून?"

गेल्या वर्षी बाबा गेले. झोपेत, काही त्रास न होता, असं सगळे म्हणतात आणि आपण मान डोलावतो. आई रडली नाही. मीही नाही. दात काढण्याआधी हिरडीला इंजेक्शन देतात ना, तसं काहीसं झालं होतं. तोंड आपलंच, पण जीभ लावली तरी कळत नाही.

त्यांच्या खोलीत दहा दिवस दिवा ठेवला होता, ठेवतात तसा. आई त्यात तेल घालत बसायची. एकदा म्हणाली, "रिकाम्या खोलीत दिवा. त्यांना आवडलं नसतं." तेवढंच. त्यानंतर तिचं बोलणं जवळजवळ थांबलं. "हो", "नको", "ठेव तिथे". जेवायला वाढलं तर जेवायची, नाही वाढलं तर बसून राहायची. दर रविवारी मी डबा घेऊन जायचे, दोघी समोरासमोर बसायचो आणि संध्याकाळी मी बस पकडून परत यायचे. घाबरायला हवं होतं. तेही होत नव्हतं.

मग एका रविवारी, जेवण झाल्यावर, भर दुपारी आई म्हणाली, "तो गेम लाव."

मी मशीन सुरू केलं. बाबांनी अर्धवट सोडलेला खेळ समोर आला. खालच्या सगळ्या खोल्या अंधारात, वर म्हाताऱ्याची खिडकी तेवढी उजळलेली. मी म्हटलं, "इथून पुढे खेळूया?"

"नाही. पहिल्यापासून."

मी सांगितलं की या गेममध्ये एकच खेळ साठवता येतो. नवीन सुरू केला की बाबांचा पुसला जाईल. त्याची कॉपी काढायची सोयही त्या जुन्या मशीनवर नव्हती, मी शोधली.

"अर्धवट घरात मला नाही राहायचं," आई म्हणाली. "कुठलं बटण?"

मीच दाखवलं. तिने दाबलं.

आईने आयुष्यात कंट्रोलर धरला नव्हता. रखवालदार भिंतीला धडका देत निघाला. तिला मी फक्त चालायचं आणि वस्तू उचलायची बटणं शिकवली, कंदील मीच शेजारून हात घालून लावत होते. मालवायचं तर विषयच नव्हता. ओसरी, स्वयंपाकघर, कोठीची खोली असं करत आम्ही जिना चढून वर गेलो आणि काहीतरी विसरलं म्हणून परत खाली आलो.

कोठीची खोली अंधारात होती. स्वयंपाकघर अंधारात, ओसरीही.

मला वाटलं, आईचा हात लागला असेल. पण कंदील मालवायला त्याच्यासमोर उभं राहावं लागतं, आणि आम्ही तर वर होतो. मी सगळे परत लावले, परत वर गेलो, परत खाली. अंधार. आता मी कामाला लागले, कारण हे एवढंच मला येतं. कंट्रोलर टीपॉयवर ठेवला, दोघींनी हात मांडीवर घेतले आणि आम्ही कंदिलाकडे बघत बसलो. खोलीत असेपर्यंत काही होत नव्हतं. खोली सोडली की मागे मालवलेला. मशीन बंद करून परत सुरू केलं, कंट्रोलर बदलला. तेच.

बग आहे, मी म्हटलं. जुनं मशीन, कुठेतरी काहीतरी बिघडलं. असं होतं.

आई म्हणाली, "वरच्या म्हाताऱ्याकडे चल."

त्या खोलीत कंदील लावला, बाहेर आलो, जिना उतरून पार फाटकापर्यंत गेलो आणि परत वर आलो. तो जळत होता. मग मी तो मुद्दाम तसाच ठेवून रखवालदाराला सगळीकडे फिरवून आणलं. बाकी प्रत्येक खोली काळोखात आणि हा एक जळतोय. बग असता तर त्याने सगळ्या खोल्या सारख्याच धरल्या असत्या. त्या खोलीत कोण झोपलंय, हे बगला कळत नाही.

आईने कंट्रोलर खाली ठेवला. "चहा करते," म्हणाली. कित्येक महिन्यांनी तिने आपणहून चहा ठेवला होता. मी तिथेच बसून राहिले. भीती वाटली का, असं विचाराल तर नाही. आनंदही नाही.

पुढच्या आठवड्यात मी तोच गेम विकत घेऊन माझ्या घरच्या मशीनवर चालवला. एकही कंदील आपोआप मालवला नाही. इंटरनेटवर शोधलं, कोणाचीच अशी तक्रार नाही. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला सांगितलं, तो म्हणाला, "आई बटण दाबत असतील गं." मीही त्याला हेच म्हणाले असते.

आई मात्र बदलली. मी नसताना ती रोज दुपारी खेळायला लागली. फोनवर सांगायची, "आज कोठीत मुद्दाम लावून ठेवला. गेला." रविवारी गेले की भाजी केलेली असायची. मला म्हणाली, "तू वाळलीस." मला हेच हवं होतं. बाकी काय चाललंय ते मी विचारायचं बंद केलं होतं.

मग ती खेळत खेळत शेवटापाशी आली. फाटकातून बाहेर पडायचं, तिथे. मुद्दाम माझी वाट बघत थांबली होती. फाटक ओलांडलं की रखवालदार लांब जातो आणि मागे पूर्ण धर्मशाळा दिसते. बाबांच्या खेळात ती नेहमी काळीकुट्ट दिसायची, वरची एक खिडकी सोडून.

फाटकाशी गेल्यावर आई मागे वळली. ओसरीवर जाऊन तिने स्वतः कंदील लावला – आता तिला यायला लागलं होतं – आणि टीव्हीकडे बघून, रोजच्या आवाजात म्हणाली, "अहो, एवढा एक राहू द्या."

आम्ही फाटक ओलांडलं. रखवालदार चालत लांब गेला. धर्मशाळा दिसायला लागली. ओसरीवरचा कंदील जळत होता. स्वयंपाकघरातलाही, कोठीतलाही. वरच्या, खालच्या, मागच्या – सगळ्या खिडक्या उजळलेल्या होत्या.

मला तेव्हा रडू आलं. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. आई रडली नाही, ती स्क्रीनकडे बघत राहिली.

त्यानंतर आईने गेम परत पहिल्यापासून सुरू केला. या वेळी कंदील आपोआप मालवले नाहीत. कोठीतला नाही, कुठलाच नाही. साध्या मशीनवर साधा गेम चालतो तसा चालला. त्या रविवारी नाही, पुढच्या रविवारी नाही, आजपर्यंत नाही.

आधी काय होत होतं हे मला माहीत नाही, आणि ते का थांबलं हेही माहीत नाही. मशीन मी उघडून पाहिलंय. याचं कुठलंही स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, कोणाकडे असेल तर खाली जरूर लिहा. पण सांगायला मी आले ते वेगळंच आहे. मला भीती होती की आई आता परत गप्प होईल, तिने तो एक दिवा मागितला म्हणून सगळं गेलं असं तिला वाटेल. मागच्या रविवारी धीर करून मी विचारलं, "आई, ते गेले का गं?"

आई नवीन खेळ सुरू करत होती. धर्मशाळेचं फाटक उघडलं, तिने ओसरीवरचा कंदील लावला, स्वयंपाकघरातला लावला आणि मागे वळून न बघता जिना चढायला लागली.

"रुसलेत," ती म्हणाली. "येतील."