हीटर लावून तिरुक्करुगावूरला

आमची गाडी तापायची ती फक्त गावात. तंजावरच्या रस्त्याला लागली की काटा निमूट मध्यावर बसायचा, आणि परत येताना महामहम तळ्यापाशी बसच्या मागे अडकलो की हळूहळू लाल खुणेकडे सरकायचा. मामंजींच्या मते यात दोष गाडीचा नव्हता, कुंभकोणमचा होता.

मामंजी म्हणजे माझे सासरे. वीजखात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे जिथे जिथे तार आहे तिथलं आपल्याला कळतं असा त्यांचा विश्वास. त्यांनी रेडिएटरचं पाणी बदलून घेतलं, थर्मोस्टॅट बदलला, पट्टा बदलला. काट्यावर काही परिणाम झाला नाही. मग त्यांनी नियम केला. गावात एसी लावायचा नाही, कारण त्याचा भार इंजिनावर पडतो. आणि काटा चढलाच तर हीटर पूर्ण सोडायचा, म्हणजे इंजिनाची उष्णता आपण वाटून घेऊ. मी मूळची साताऱ्याची. लग्नाआधी गाडीचा हीटर मी एकदाच लावलेला पाहिला होता, महाबळेश्वरच्या थंडीत.

त्या मे महिन्यात माझी नणंद चेन्नईहून आली होती. लग्नानंतर नऊ वर्षांनी तिला दिवस गेले होते आणि पाचवा महिना सुखरूप लागला होता. तेव्हा तिरुक्करुगावूरला गर्भ राखणाऱ्या देवीच्या पाया पडून यायचं ठरलं. यजमान कामावर, म्हणून गाडी मी चालवणार. नणंदेला मळमळायचं, म्हणून ती पुढे बसली. मामंजी मागे, पायांत पाण्याच्या दोन बाटल्या धरून, आणि मान आमच्या दोघींच्या मधून पुढे काढलेली, काटा दिसावा म्हणून.

नेमका लग्नाचा मोठा मुहूर्त. मंगल कार्यालयांपुढे गाड्या दोन-दोन रांगांत उभ्या, एका वरातीतलं नादस्वर आमच्या खिडकीशी येऊन थांबलेलं, आणि पुढची बस हलायचं नाव घेईना. काटा निघाला.

"बहुत ताप धरला," मामंजी त्यांच्या तंजावरी मराठीत म्हणाले. "हीटर सोड."

मी सोडला. पायांवर भट्टीचा वारा आला. माझी पट्टूची रेशमी साडी पाठीला चिकटली, नणंदेच्या वेणीतला मोगरा माझ्या डोळ्यांदेखत मान टाकू लागला. शेजारच्या रिक्षावाल्यानं आत वाकून पाहिलं आणि बरं नाही का, असं तमिळमध्ये विचारलं. मामंजींनी त्याला उष्णतेच्या वहनाविषयी सविस्तर सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि रिक्षा जरा लांब नेली.

नणंदेनं पदरानं कपाळ पुसलं, हीटरची मूठ निळ्या बाजूला फिरवली आणि एसीचं बटण दाबलं.

"इंजिन जाईल," मामंजी म्हणाले.

"जाऊ दे, अप्पा. मी राहते."

तेवढ्यात बॉनेटखालून एक घर्रघर्र ऐकू आली. गेले कित्येक आठवडे तो आवाज येत नव्हता हे मला तो आल्यावर कळलं. आम्ही तिघं काट्याकडे बघत राहिलो. तो थांबला, आणि मग खाली यायला लागला. मामंजींनी एसी बंद करायला लावला, काटा चढला. परत लावायला लावला, उतरला. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा नणंदेनं बटण हातानं झाकून ठेवलं.

सुंदरपेरुमाळ कोयिलजवळ रस्त्याकडेला पत्र्याच्या छपराखाली एक मेकॅनिक ट्रॅक्टर उघडून बसला होता. मामंजींनीच गाडी थांबवायला सांगितली. त्यांनी सगळा इतिहास सांगायला घेतला, पण त्या माणसानं एवढंच विचारलं की मोकळ्या रस्त्यावर तापते का. नाही म्हटल्यावर त्यानं इंजिन चालू ठेवलं, काटा चढू दिला आणि आम्हाला रेडिएटरमागचा पंखा दाखवला. तो ढिम्म उभा होता. मग एसी लावला. पंखा फिरू लागला.

"पंखा चांगला आहे, अय्या," तो म्हणाला. "त्याला सांगणारा मेलाय."

रेडिएटरला एक स्विच असतो, पाणी तापलं की तो पंखा चालू करतो, आणि आमचा तो स्विच गेला होता. गाडी पळताना वारा लागतो म्हणून कळत नसे. एसी लावला की पंख्याला दुसऱ्या वाटेनं वीज मिळते.

"म्हणजे आम्ही गावात एसी लावला असता तर?" मामंजींनी विचारलं.

"तापलीच नसती."

तीस वर्षं वीजखात्यात काढलेला माणूस एका स्विचपाशी हरला होता. मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. मेकॅनिकनं स्विचच्या दोन तारा तारेच्याच एका छोट्या तुकड्यानं जोडून दिल्या. आता किल्ली फिरवली की पंखा सतत चालेल, नवा स्विच गावात बसवून घ्या, म्हणाला.

तिरुक्करुगावूरला पोचलो तोवर देऊळ दुपारचं बंद झालं होतं. आम्ही दोघी सावलीत लिंबूभात खाऊन आडव्या झालो. मामंजी गाडीपाशीच थांबले. बॉनेट उघडं बघून कुणीतरी यात्रेकरू काय बिघडलं म्हणून विचारी, आणि मामंजी त्याला काहीच बिघडलेलं नाही हे समजावून सांगत, किल्ली फिरवून पंखा दाखवत. इंजिन बंद, पंखा चालू. असे पुष्कळ यात्रेकरू आले असावेत.

देवीचं दर्शन छान झालं. नणंद गाभाऱ्यासमोर रडली, मीही रडले. बाहेर येऊन मी किल्ली फिरवली तर गाडीतून टक् एवढाच आवाज आला. बॅटरी पार उतरली होती.

शेवटी देवीला मूल मागायला आलेली तीन जोडपी गाडी ढकलायला धावली. मामंजी मधोमध उभे राहून जोर लावत होते. नणंद पायरीवर बसून पोट धरून इतकी हसत होती की एक म्हातारी घाबरून तिच्यासाठी पाणी घेऊन आली. मी दुसरा गिअर टाकून क्लच सोडला, गाडी हिसका देऊन सुरू झाली, आणि आरशात मला मामंजी दिसले. धोतर सावरत, धापा टाकत, ते त्या तिन्ही नवऱ्यांना पुन्हा काहीतरी समजावून सांगत होते.